कुणीच लॉग आउट करत नाही

सोमवार, ३

रुजू झाले एकदाची! खिडकीजवळचं टेबल, स्वतःचं कपाट, आणि सगळ्यात भारी म्हणजे धाकटी बहीण त्याच मजल्यावर, रिसेप्शनला. इथे संगणक दुरुस्तीची जागा रिकामी आहे म्हणून तिनेच माझ्यामागे लकडा लावला होता. आईने दोघींना एकसारखे डबे दिले, झाकणांवर नावं घालून. शाळेत निघाल्यासारखं वाटलं.

इथे टेबलावर नुसते संगणकाचे पडदे. चाळीसही माणसांचं काम आतल्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर चालतं. रोज अकरा दहाला सगळ्यांचा मेलचा प्रोग्राम एकदम बंद पडतो, दहा मिनिटांनी सुरू होतो. साहेब म्हणाले, वर्ष झालं, आम्ही तेव्हा चहा पिऊन घेतो. धन्य आहे!

मंगळवार, ४

इथे लॉग आउट म्हणून कुणी करत नाही. फुली मारली, खिडकी बंद, चालले घरी. आत सर्व्हरवर प्रत्येकाचं सगळं तसंच उघडं. लॉग इन असलेल्यांची यादी काढली तर एकेचाळीस नावं! जास्तीचं नाव टायपिस्टबाईंचं. आवक-जावकच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, सव्वा वर्षापूर्वी टेबलावरच गेली गं ती. बिचारीला कुणी लॉग आउटसुद्धा केलं नव्हतं. मी केलं.

बुधवार, ५

टायपिस्टबाई यादीत परत. पासवर्ड कुणाकडे तरी असणार, पकडेन त्याला.

पण मूळ सापडलं! माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने मेलच्या प्रोग्रामला एक चिमुकली फाइल जोडून ठेवली होती. टायपिस्टबाईंच्या नावाने मेल आला की ती प्रोग्राम बंद पाडते आणि तो मेल पुसून टाकते. काय हा खोडसाळपणा! पुसली मुळापासून, प्रतसुद्धा ठेवली नाही. अकरा दहाला काहीही बंद पडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली, धाकटी तर नाचायचीच बाकी होती.

गुरुवार, ६

काकू गेल्या.

काल अकरा दहाला त्यांना टायपिस्टबाईंच्या नावाने एक मेल आला, असं शेजारच्या टेबलावरचीने सांगितलं. तो उघडल्यापासून काकू बोलेचनात. चहा निवून गेला, त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. सकाळी घरच्यांनी हाका मारल्या, पण त्या उठल्याच नाहीत.

यादी बघितली. काकू – लॉग इन. नुसत्या लॉग इन नाहीत. काहीतरी टाइप होतंय.

शुक्रवार, ७

जुन्या तंत्रज्ञाला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, ती फाइल आहे ना जागेवर? पुसली म्हटल्यावर म्हणाला, लिहायला तीन महिने लागले होते. मी विचारलं, सर्व्हर बंद केला तर? करून पाहिलाय म्हणाला, दुसऱ्या दिवशी मेल दुप्पट येतात. तुझं कुणी आहे का तिथे? असेल तर आधी पडद्यासमोरून उठव.

अकरा नऊ झाले होते. धावले. ओरडत धावले, उघडू नका, कुणीही उघडू नका –

रिसेप्शनला पोचले. ती पडद्याकडे बघत होती. काकूंचा मेल. तिला किती लळा होता काकूंचा. खांदे धरून हलवलं, गालावर मारलं. नुसती बघत राहिली.

सोमवार, १०

शनिवारी पहाटे गेली. आईने डबा एकच भरला, पण झाकण तिच्या नावाचं लावलं.

सगळं मी केलं. मी.

यादीत तिचं नाव – लॉग इन. काढून टाकायला बोट ठेवलंय. दाबवत नाही. तेवढीच उरलीय ती –

टाइप होतंय.

अकरा दहा. मेल. तिचा. विषयात लिहिलंय – ताई, मला इथे भीती वाटते गं

उघडणार नाही. आईला आता मी एकटीच. नाही म्हणजे नाही

ती रडत असेल तर – लहानपणी अंधारात माझाच हात –

फक्त पहिली ओळ बघते, लगेच बंद कर