एर्टीचा न कापलेला स्वेटर आणि बाकीची वाटणी

मी, रोबिना इसबिस्टर, एर्टी इसबिस्टरची बायको, राहणार वेस्टरव्हो, शेटलंड, लिहून ठेवते की मी शुद्धीवर आहे, अंगात ताप नाही, आणि कुणी डोक्यावर उभं राहून हे माझ्याकडून लिहून घेत नाहीये. गिल्बर्ट दुकानदारानं, म्हणजे आमच्या गिबीनं, त्याच्या वडलांचं मृत्युपत्र नमुन्याला दिलंय. त्यात 'स्वखुशीने व अक्कलहुशारीने' असं आहे. अक्कल आहे ती एवढीच. खुशी मात्र नाही. मला भीती वाटतेय. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येक कलमात लिहायला नको.

भीतीचं कारण असं. पोटातलं बाळ आडवं आहे. नर्सबाईंनी, म्हणजे मिसेस हॅलक्रो यांनी, पोटावर हात फिरवून फिरवून बघितलं, ते काही वळत नाही. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी होडीनं लर्विकला, मोठ्या इस्पितळात जायचं, तिथले डॉक्टर पोट कापून बाळ बाहेर काढतील आणि परत शिवतील. मी म्हटलं, मला नाही जायचं. जे व्हायचं ते माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे होऊ दे. बाई म्हणाल्या, "रोबिना, घरात राहिलीस तर तूही जाशील आणि बाळही जाईल. तुला घाबरवत नाहीये, खरं ते सांगतेय." मी तरी नाहीच म्हटलं. त्या चहा न घेता गेल्या. आमच्याकडे कुणी चहा न घेता गेलं की समजायचं. म्हणून हे लिहायला बसले.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करायला काही नव्हतंच.

घर. घर माझं नाही. ते सासूबाईंच्या ताब्यात आहे आणि त्या ते इतक्यात सोडतील असं दिसत नाही. घराचं कलम संपलं.

मेंढ्या. माझ्या बापानं लग्नात दिलेल्या मेंढ्या आणि त्यांची पिल्लं, ज्यांच्या कानाला माझ्या माहेरची खाच आहे त्या सगळ्या, माझी मुलगी सिनी हिच्या. ती मोठी होईपर्यंत एर्टीनं सांभाळाव्यात. उन्हाळ्यात लोकर सुटायला लागली की हातानंच उपटून घ्यायची, आपल्याकडे घेतात तशी. कातर लावायची नाही. एर्टीला घाई असते. तपकिरी मेंढी लाथा मारते म्हणून तो तिला शेवटी धरतो आणि तोवर स्वतःच थकलेला असतो. तिला आधी धरायचं.

चरखा सिनीला, पाय खालच्या फळीवर पोचतील तेव्हा. त्याआधी तिला त्यावर बसू देऊ नये. ती त्याचा घोडा करते.

कमरेचा विणायचा पट्टा. चामड्याचा आहे, आत घोड्याचे केस भरलेत. त्याच्या भोकात सुईचं टोक खुपसलं की बाई पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालताही विणू शकते. हा पट्टा माझ्या नणंदेला, कीटीला. कीटीचं आणि माझं पटत नाही हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. कारणही लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे ती आपल्या सोयीनं सांगेल.

मी नक्षी कागदावर काढत नाही. टेबलावर पांढरे आणि काळे शिंपले मांडते. एक शिंपला म्हणजे एक टाका. मग बघत बसते, हलवते, परत बघते. बटाट्याच्या फुलांची नक्षी मी अशीच जुळवली होती. टेकडीवरून आपलं शेत फुलात असताना जसं दिसतं तशी, ओळीनं फुलं आणि मधे काळी माती. जमायला अख्खा हिवाळा गेला. त्या दिवसांत आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवायचो, कारण टेबलावर शेत होतं. आणि एका रविवारी चर्चमध्ये बघते तर कीटीच्या नवऱ्याच्या अंगावर माझं शेत!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, नक्षी छान आहे हो."

"आहे ना?" कीटी म्हणाली. "सहज सुचली."

"आमच्या खिडकीतून सुचली का?"

"हो. आणि जरा काच पुसत जा गं. खालच्या दोन ओळी दिसल्याच नाहीत, त्या मला माझ्या डोक्यानं घालाव्या लागल्या."

मग बरेच दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पण त्या दोन ओळी मी नंतर नीट बघितल्या. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. हे ती समोर असताना माझ्या तोंडून कधी निघणार नाही, म्हणून इथे लिहिते आणि पट्टा तिला देते.

शिंपले सिनीला. कुणीही साफसफाईत फेकून देऊ नयेत.

सिनीबद्दल. तिला विणायला सासूबाईंनी शिकवावं, कीटीनं नको. कीटी टाके इतके घट्ट घेते की तिच्या मोज्यांत पाय घालायला दोन माणसं लागतात. सिनीला सुकवलेलं मटण आवडतं पण चरबी काढून द्यावी लागते, नाहीतर ती स्वतः काढते आणि कुत्र्याला देते. झोपताना ती माझ्या विणकामाचा धागा मुठीत धरते. ओढून काढायचा नाही. झोप लागली की मूठ आपोआप सुटते. माझं विणकाम नसलं तर कुणाचंही चालेल, मी करून बघितलंय. धागा हलता पाहिजे, एवढंच.

एर्टीनं दुसरं लग्न करावं. मी हे मनापासून लिहितेय. फक्त बाई विणणारी बघावी. हे कलम मी त्याला वाचून दाखवलं तर तो जाळं नीट करता करता म्हणाला, "विणणारी मिळाली एकदा. आता बोलणारी नको." मी म्हटलं, हसतोस काय? तर म्हणाला, "हसलो नाही तर तुझ्यासमोर रडावं लागेल गं, आणि माझे हात डांबराचे आहेत." आणि बाहेर निघून गेला.

आता एर्टीचा स्वेटर. हा मोठा विषय आहे.

आमच्याकडे स्वेटर गोल विणतात, नळीसारखा, खालपासून खांद्यापर्यंत, कुठे न थांबता. हात जिथे बाहेर यायचे तिथेही थांबायचं नाही. तिथे थोडे जादा टाके घ्यायचे आणि विणत राहायचं. सगळं झालं की त्या जादा टाक्यांच्या पट्टीवर मधोमध कात्री चालवायची. कापलं की बाहीची जागा झाली. आमच्या लहान लहान पोरींनाही यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. कारण लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एर्टीनं एका परदेशी जहाजाला मासळी देऊन त्या बदल्यात लोकर आणली होती. गिरणीची, गुळगुळीत, हातातून पाण्यासारखी घसरणारी. इतकी सुंदर लोकर मी कधी बघितली नव्हती. मी तिचाही स्वेटर आपल्या पद्धतीनं गोल विणला आणि कात्री लावली. काय सांगू! टाके सुटले ते पळतच सुटले. इथे धरावं तर तिथून निसटतात. बघता बघता काखेपासून पाठीपर्यंत खिंडार. एर्टी म्हणाला, वाऱ्याला यायला-जायला दार झालं. सगळी वाडी हसली, मीही हसले. पण त्यानंतर मी कात्री हातात घेतली नाही. माझे सगळे स्वेटर सासूबाई कापतात.

तर कलम असं: चुलीजवळ खुंटीला आहे तो स्वेटर एर्टीला. अंगाचं विणकाम पूर्ण आहे, कापायचा राहिलाय. सासूबाईंनी कापावा.

इथपर्यंत लिहिलं आणि सासूबाई आत आल्या. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून मीच सगळं वाचून दाखवलं. घराच्या कलमाला त्यांनी मान हलवली. कीटीच्या कलमाला त्या मोठ्यानं हसल्या, ती त्यांची पोटची पोर असून. स्वेटरचं कलम आलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"न कापलेला? माझ्या पोरानं तो घालायचा कसा? हात आत ठेवून फिरायचं का, बाळोत्यात गुंडाळलेल्या पोरासारखं?"

"तुम्ही कापाल ना, आई."

"मी नाही कापणार. इतकी वर्षं कापले तुझे, आता नाही. तुझा आहे, तू काप."

"माझा हात थरथरतो."

"थरथरू दे. कापायची पट्टी तूच विणलीस ना? मग कात्री जाईल तिच्यावरून."

"आणि उसवला तर?"

"लोकर कुणाची आहे ही?"

"तपकिरी मेंढीची."

"मग? ती मेंढी कधी कुणाला सहज सोडते का? तिची लोकरही तशीच, धाग्याला धागा धरून बसते. तू एकदा परक्या लोकरीला आपली कात्री लावलीस, आणि तेव्हापासून आपल्याच लोकरीला भीत बसलीयस. घे."

आणि कात्री माझ्या पुढ्यात ठेवली. मी म्हटलं, मला रडू येतंय. त्या म्हणाल्या, रड, पण स्वेटरवर नको, ओली लोकर नीट कापत नाही.

मी कापला. पहिला टाका तुटला तेव्हा डोळे मिटले होते, तर सासूबाई ओरडल्या, "डोळे उघड बाई, बोटं कापशील!" मग उघड्या डोळ्यांनी कापला. करकर आवाज येत गेला. दोन्ही कडा सुटून बाजूला झाल्या आणि तिथेच थांबल्या. एकही टाका पळाला नाही. सासूबाईंनी कडेला धरून चांगला हिसका दिला. तरी नाही. मग दुसरी बाजू कुणी न सांगता मी कापली.

मला तेव्हा घाम आला होता आणि बाळ पोटात लाथा मारत होतं. सासूबाईंनी त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "डॉक्टरही कुठे कापायचं ते ठरवूनच कापतो."

"आई, मी लोकर आहे का?"

"नाहीस. लोकर गप्प तरी बसते." मग जरा वेळानं म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर लर्विकला."

 सासूबाईंना होडी सहन होत नाही. किनाऱ्यावर उभ्या राहून नुसती हलती होडी बघितली तरी त्या तोंडावर हात धरतात. लग्न होऊन या बेटावर आल्या त्या परत कधी होडीत बसल्या नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही.

"नाही झेपलं तर ओकेन. ओकत येईन, पण येईन. तू एकटी नाही जायचीस."

मग एर्टी आला. त्यानं टेबलावरचा स्वेटर बघितला, दोन्ही बाजूंनी बोटं घालून बघितलं. "कुणी कापला?"

"मी."

तो खाली बसला. त्यानं स्वेटरची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "होडी तयार ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "आणि आईंसाठी एक बादली घे."

म्हणून दुरुस्ती. वरचं स्वेटरचं कलम रद्द. स्वेटर एर्टीला, माझ्या हातानं कापलेला. बाह्यांची लोकर बरोबर घेतलीय, त्या लर्विकला पलंगावर विणीन. राहिल्याच तर कीटीनं विणाव्यात, पण मोकळ्या हातानं, त्याला कोपर वाकवायला जागा पाहिजे.

हे सगळं एर्टीनं पार पाडावं.

शेवटचं कलम हे धक्क्यावर बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं. वर सगळीकडे मी फक्त सिनीचं नाव घातलंय. पोटातल्या बाळाच्या नावानं काहीच ठेवलं नव्हतं. मी लर्विकला जाणारच नव्हते, आणि मी तिथे गेले नाही तर ते येणार नव्हतं, मग त्याला मेंढी कशाला? आता लिहिते. जे येईल ते, मुलगा असो नाहीतर मुलगी, त्याला सिनीच्या बरोबरीचा वाटा. मेंढ्या अर्ध्या अर्ध्या. शिंपले दोघांनी मिळून वापरावेत. एकाला पांढरे आणि एकाला काळे असं करू नये, नक्षी होणार नाही.

सासूबाई होडीत जाऊन बसल्यात, बादली मांडीवर घेऊन. एर्टी हाका मारतोय. सही करते.

रोबिना इसबिस्टर

आमच्यासमोर सही केली. हात स्थिर होता.
साक्षीदार: मार्गारेट हॅलक्रो, नर्स
साक्षीदार: गिल्बर्ट मॉवट, दुकानदार

ठिकाण: वेस्टरव्होचा धक्का, शेटलंड
तारीख: १९ मे १९५४, सकाळ, वारा दक्षिणेचा, समुद्र शांत