पांदणीतून जीप काढण्याची तयारी

६ जुलै
जीप घेतली. जुनी आहे, पण फोर बाय फोर. केळझरच्या आमच्या शेताकडे जाणारी पांदण पावसाळ्यात बैलबंडीलाही दाद देत नाही, म्हणून. बाबा जाऊन वर्ष होत आलं. शेतातल्या टिनाच्या खोलीत ते एकटेच राहायचे, तिथेच झोपेत गेले. तेव्हापासून मी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही. कारण निव्वळ रस्ता. वर्षश्राद्धाचा नैवेद्य मुलाच्या हातून त्या खोलीतच ठेवायचा, असं ताईने ठरवलंय. २९ ऑगस्टला. भरपूर वेळ आहे.

१३ जुलै
फसलो. पांदणीच्या वळणावर, हिवराच्या झाडापाशी. काळी माती चाकाला धरली की सोडत नाही. दिपाली म्हणाली, खोली इथून दिसते, पायी जाऊ. मी म्हणालो, जीप अशी टाकून जाता येत नाही. ती म्हणाली, कोण नेते हिले, फसली आहे ना. बायकोला यंत्राची जबाबदारी कळत नाही. शेवटी शेजारच्या गोपालने ट्रॅक्टरने मागे ओढलं.
निश्चय: रिकव्हरी गिअर, म्हणजे फसलेली गाडी काढायचं सामान, घ्यायचं. अभ्यास करून. घाई नाही.

१६ जुलै
अभ्यास झाला. गाडी ओढायचा साधा पट्टा, टो-स्ट्रॅप, ताणला जात नाही, त्यामुळे झटका बसतो. कायनेटिक रोप ताणला जातो आणि झटका गिळतो. अर्थातच कायनेटिक. सोबत दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराच्या कड्या, कारण लोखंडी हूक तुटला तर काच फोडून डोक्यात येतो. दिपालीला व्हिडिओ दाखवला. ती झोपली.

२० जुलै
रोप उत्तम. फक्त ओढायला दुसरी गाडी लागते. हे व्हिडिओत होतं, तो भाग मी पुढे पळवला होता. पुन्हा गोपाल.
संध्याकाळी परतताना वळणावरून खोलीत उजेड दिसला. सोलरचा दिवा असणार, बाबांनी लावलेला. तो दिवा दिवाळीतच चोरीला गेला, हे घरी आल्यावर आठवलं. म्हणजे मावळतीचं ऊन टिनावर पडलं असेल. आभाळ भरलेलं होतं, पण ऊन कुठूनही येतं. विषय संपला.

२७ जुलै
ट्रॅक्शन बोर्ड आले. नारिंगी, दातेरी, चाकाखाली सरकवायचे. सरकवले. एक बोर्ड चाकाने आत घेतला तो अजून तिथेच आहे. खणायला फावडं मागवलं. घरात एक फावडं आहे, पण ते घडीचं नाही.

१ ऑगस्ट
जीपच्या मागच्या सीटवर कोणीतरी खोकतं. फक्त पांदणीला लागल्यावर. कोरडं खोकतं, मग घसा साफ करतं. सायलेन्सर. सेलूला रूपराव मेकॅनिककडे नेली. त्याने चक्कर मारून आणली आणि म्हणाला, सायलेन्सर तं ठीक आहे भाऊ, मले काई ऐकू नाई आलं. मग हात पुसत म्हणाला, नत्थूजी शेवटी लय खोकलत होते ना. म्हटलं, बाबांचा इथे काय संबंध. सायलेन्सर बदलायलाच लावला.

३ ऑगस्ट
नवा सायलेन्सरही खोकतो. चांगला माल राहिलाच नाही आता.

१० ऑगस्ट
जीपला पुढून विंच बसवला. बटण दाबलं की दोर गुंडाळत गाडी स्वतःच स्वतःला ओढते. आता कोणाची गरज नाही. फक्त दोर बांधायला मजबूत झाड लागतं. हिवर मागे आहे, विंच पुढे. खोलीच्या बाजूला नुसती तूर.
पवनारहून ताईचा फोन. तू काऊन एवढं करून राह्यला, म्हणाली. चपला हातात घे अन् चालत जाय. मी तिला झाडाऐवजी जमिनीत रोवायचा ग्राउंड अँकर म्हणजे काय ते नीट समजावलं. ती बहुतेक रडत होती. नेटवर्कही खराब होतं.

१७ ऑगस्ट
ग्राउंड अँकर जमिनीत रोवला, विंच चालू केला. जीप हलली नाही. अँकर माझ्याकडे आला.
खोलीच्या ओट्यावर कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. डोक्याला पांढरा दुपट्टा. गोपाल असेल असं ठरवून हात केला. तेवढ्यात गोपाल मागून ट्रॅक्टर घेऊन आला.
दिपाली म्हणाली, तुमाले तिथं जायचं आहे का नाई, ते एकदा मनाले विचारा. काय प्रश्न आहे. जायचं नसतं तर माणूस एवढं सामान घेईल का?

२४ ऑगस्ट
पाऊस नाही. कडक ऊन. पांदण वाळतेय. लक्षण बरं नाही. टायरची हवा कमी करायचं यंत्र मागवलंय, ते ३१ला येणार. श्राद्ध दोन दिवस पुढे ढकलता येईल का, असं ताईला विचारलं. तिने फोन ठेवला.

२९ ऑगस्ट, सकाळी
निघतोय. सामान इतकं झालंय की ताट ठेवायला जागा नाही, ताईच्या मांडीवर आहे. वडे, कढी आणि बाबांची आवडती पाटवडी. रात्री नीट झोप लागली नाही. गिअरची तपासणी मनात चालू होती.

२९ ऑगस्ट, संध्याकाळी
वळण आलं आणि जीप सरळ निघून गेली. जरा बाजूच्या ओल्या भागातून घेऊन पाहिली, तरी फसली नाही. ताई म्हणाली, रस्ता इकडे आहे, प्रफुल. मागे कोणी खोकलं नाही.
खोलीसमोर उतरलो. शॅकल तपासले. रोप उलगडून पुन्हा गुंडाळला. विंचची वायर पाहिली. दोघी ताट घेऊन उभ्या राहिल्या. मग ताईने किल्ली दिली. कुलूप लगेच उघडलं. दार पावसाने फुगलेलं होतं, म्हणून जरा बरं वाटलं. पण खांदा लावल्यावर तेही उघडलं.
खाट भिंतीशी होती. गोधडी उंदरांनी कुरतडलेली. दिपालीने ताट हातात दिलं ते घेऊन मी बराच वेळ तसाच उभा होतो. ताई मागून म्हणाली, ठेव ना रे आता, कोणाची वाट पाहून राह्यला?
आत बाबा नव्हते. ते असतील या भीतीने मी वर्षभर येत नव्हतो, हे खरं आहे, आज लिहूनच टाकतो. पण ते नसतील, याची तयारी केलेली नव्हती. मला वाटलं होतं, निदान एकदा खोकतील, उशीर केला म्हणून ओरडतील.
ताट खाटेजवळ ठेवलं. पाटवडी गार झाली होती.