काळ्या घोंगडीचा फोटो

तात्या,

तुम्ही होता तेव्हा आष्ट्याच्या आपल्या स्टुडिओत फोटो मोठे करून द्यायचं काम चालायचं. कुणाचा म्हातारा गेला की घरची माणसं कुठल्यातरी घोळक्यातला एवढासा चेहरा घेऊन यायची आणि म्हणायची, भिंतीवर लावता येईल एवढा करा. मी आता पलूसला एका खोलीत बसून नेमकं उलटं काम करते. लोक मला भलेमोठे फोटो देतात आणि मी ते लहान करून देते. हसू नका. ह्याच्यावर माझं घर चालतं, आणि खोटं कशाला बोलू, ह्या पट्ट्यात हे काम माझ्याइतकं चोख दुसरं कुणी करत नाही.

तुम्हाला समजेल असं सांगते. हल्ली दुकानदार आपला माल फोनवर मांडतो, त्याला वेबसाइट म्हणतात. तिथला एकेक फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर जाऊन उमटावा लागतो, आणि फोटो जड असला की त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक तेवढा दम धरत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून मी फोटो फोनच्या रुंदीला पुरेल एवढाच ठेवते, मोठ्या पडद्यासाठी वेगळा काढते. खालचे फोटो बोट तिथवर पोचल्याशिवाय मागवतच नाही, पंगतीत येऊन बसेल त्यालाच वाढावं तसं. फोटो यायच्या आधी त्याची जागा धरून ठेवते, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली घसरतो. एसटीच्या खिडकीतून तुम्ही रुमाल टाकायचात, तेच हे. आणि सगळ्यात शेवटी फोटो दाबते, म्हणजे डोळ्याला कळणार नाही असं बारीकसारीक त्यातून काढून टाकते, की वजन उतरतं. आता डोळ्याला काय कळत नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते मी ठरवते.

बारीकसारीक काढून टाकण्यावरून तुम्ही मला एकदा बोलला होता. मी अकरावीत होते आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवून डाग झाकायला नुकतीच शिकले होते. सकाळची वेळ, तुम्ही लग्नाच्या ऑर्डरीला गेलाय, मी दुकानात एकटी. समोर सैन्यभरतीला निघालेल्या एका तरुणाची निगेटिव्ह आहे. गालावर काळपट वण. मला वाटतं, एवढा देखणा गडी आणि हा वण कशाला, आणि मी तो अशा सफाईनं घालवते की माझी मीच खूश होते. दोन दिवसांनी तो भरतीच्या मैदानावरून परत आला. अर्जात ओळखखूण म्हणून तोच वण लिहिलेला, आणि फोटोत गाल गुळगुळीत, म्हणून त्याला रांगेतून बाजूला काढला होता. तुम्ही मला त्याच्यासमोर उभं केलंत.

"वण कुणी घालवला?"

"मी. चांगला दिसावा म्हणून."

"आगं, त्यानं फोटू मागितला व्हता. चांगलं दिसायचं कवा मागितलं त्यानं? त्यो वण गेला तर आपून कोन हाय हे त्यानं कसं पटवायचं?"

तुम्ही आवाज चढवला नाही, त्यामुळं मला जास्त लागलं. लगेच त्याचा नवा फोटो काढलात, तो वाळवलात, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर गेलात, चूक दुकानाची आहे हे सांगायला. तो भरती झाला. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कोरी पेन्सिल ठेवलीत. "घे. कुठं चालवायची न्हाई ते कळलं न्हवं आता?" मला तर रडूच फुटलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी मला माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला. तिथल्या बायकांचा गट आहे, घरच्या मेंढरांच्या लोकरीच्या घोंगड्या हातमागावर विणतो. गट चालवणारी ताई पदवीधर, बोलायला खमकी. "म्याडम, आमचीच साइट आमास्नी दिसंना झालीया. माळावर रेंज एक काडी, आन् फोटू उमटूस्तवर जेवान उरकतंय." मी उघडून बघितलं तर पुण्याच्या कुणा फोटोवाल्यानं काढलेले तीस फोटो, एकेक नऊ एमबीचा, जसाच्या तसा चढवलेला. लग्नातला अख्खा अल्बम पाकिटात कोंबावा तसला प्रकार. एका दुपारी मी सगळे सरळ केले. संध्याकाळी ताईनं माळावर उभं राहून साइट उघडली आणि दुकान टिचकीसरशी आलं. मुंबईला हमाली करणाऱ्या पोरांनी आपल्या आयांच्या घोंगड्या फोनवर बघितल्या. ऑर्डरी येऊ लागल्या. मी लय फुशारले, तात्या.

मग एक काळी घोंगडी परत आली. मागोमाग आणखी दोन. गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, फोटोत मखमलीसारखी मऊ दिसली आणि हातात आली ती खरखरीत, मधेमधे करडे केस असलेली. तिन्ही एकाच मावशीनं विणलेल्या होत्या. मावशी पासष्टीची, नवरा गेल्यापासून स्वतः मागावर बसते, आणि त्या वस्तीत काळी घोंगडी विणावी तर तिनंच. वर्षापूर्वी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिला वाटलं, आपल्याला आता दिसत नाही, हात बिघडला. तिनं माग बंद केला. ताईनं हे मला फोनवर सांगितलं. मावशी मागावर परत बसली नाही तर साइट कितीही झटकन उघडू दे, तिचा काय उपयोग?

मी दहिवडीच्या गाडीत बसले आणि वस्तीवर गेले. मावशी दारात बसलेली. परत आलेली एक घोंगडी तिनं माझ्या मांडीवर टाकली. "बग गं बाई, तूच सांग कुटं चुकलं. काळ्यात काळं मला उमगंना झालंया." मी हात फिरवला. चांगली दणकट, ऊबदार घोंगडी, करडे केस लोकरीतलेच, जन्माचे. मी फोनवर पुण्याचा मूळ फोटो काढला आणि शेजारी माझा दाबलेला. मूळ फोटोत केस न् केस दिसत होता. माझ्यात सगळं काळं सपाट.

"मावशी, चूक माझी हाय. कालच माझ्या ध्यानात आलं. तीस फोटो दाबताना मी एकच माप लावलं. बाकीच्यांना ते चाललं, काळ्या लोकरीला न्हाई चाललं. तुमचा हात हाय तसाच हाय."

तिनं फोन डोळ्याजवळ धरला, लांब धरला. "ही गुळगुळीत कुनाची म्हून मी कवाधरनं बगतिया. आपल्या मेंढराला असली लोकर येतीया व्हय?" मग फोन माझ्याकडं परत दिला. "तीन आठवडं मी मागाकडं फिरकली न्हाई, बाई," एवढंच म्हणाली आणि उठली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, सुतावर चिंचोक्याची खळ वाळून गेली होती ती हातानं चाचपली, आणि धोटा फेकला.

काम मी परतल्यावर नीट केलं. काळ्या घोंगड्यांना वेगळं माप लावलं, आणि प्रत्येकीखाली वीतभर लोकरीचा जवळून काढलेला एक फोटो टाकला, म्हणजे घेणाऱ्याला खरखर आधीच कळते. पान अजूनही माळावरच्या एका काडीत उघडतं. त्यानंतर एकही घोंगडी परत आलेली नाही. हे माझं कसब आहे आणि ते सांगायला मी लाजत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहायला धजते. मावशीला सांगितलं तसं माझ्या ध्यानात ते आदल्या दिवशी आलं नव्हतं. पहिली घोंगडी परत आल्याचं ताईनं कळवलं त्याच दिवशी मी फोटो मोठा करून बघितला होता आणि मला सगळं कळलं होतं. पण तक्रार मावशीच्या हाताची होती, माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तीन आठवडे. 'कालच' म्हणाले ते तिला खरं वाटलं, आणि निघताना तिनं मला तांब्याभर ताक दिलं. मी ते उभ्या उभ्या सगळं प्यायले, तात्या.