सातवा गट

३ मार्च
जावईबापू आज पाहुण्यांना त्वचेचा कॅन्सर शोधणारं माझं कॉम्प्युटर मॉडेल समजावून सांगत होते! साहेबांची मुलगी केली की संख्याशास्त्र आपोआप येतं वाटतं. विभागप्रमुखाची खुर्ची आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार. कुणाला, ते शेंबडं पोरही सांगेल.

५ मार्च
चाचणीसाठी आम्हा सगळ्यांच्या पाठीचे फोटो काढले. कॅमेरा एकच पाठ प्रकाशाच्या अकरा पट्ट्यांत टिपतो, त्यातल्या काही डोळ्यांना दिसतही नाहीत. मग मॉडेल सारखे ठिपके एकेका गटात टाकतं — कातडी, शिरा, केस, सावली. गट किती पाडायचे, ते मी ठरवते. फोटोंवर नाव नाही, नुसता काढल्याच्या क्रमाने नंबर. यादी नर्सकडे कुलपात. पण तिसरे जावईबापू आत गेले. मी दारातच उभी होते.

९ मार्च
सहा गट पाडले, सगळ्या पाठी स्वच्छ. सात पाडले — आणि तीन नंबरच्या डाव्या खांद्याखाली सातवा गट उगवला. मसुरीएवढा. दुसऱ्या कुणालाच नाही. लक्षण चांगलं नाही, इतकी वर्षं हेच बघतेय मी.

मॉडेल जे दाखवतं, तेवढंच त्वचेच्या डॉक्टरबाई तपासतात.

सहा ठेवले. वाटलं होतं, जड जाईल. छे!

१० मार्च
छान झोप लागली.

१२ मार्च
जावईबापू आले. "मॅडम, सात गटांचा स्कोअर जास्त चांगला येतोय. मग सहाच का?" म्हटलं, "अहो, गट वाढवले की स्कोअर वाढतोच! पहिल्या वर्षाला शिकवतात हे." सगळे खो खो हसले. तोंड एवढंसं झालं त्याचं. जास्तीच्या गटांसाठी स्कोअरमधून दंड कापूनही सातच सरस होते — ते मी कशाला सांगू?

२ जून
खुर्ची त्यालाच. मला कुठे घाई आहे!

२० जुलै
रोज विचारते, "तब्येत कशी आहे?" आज त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मॅडम, इथे तुम्हीच एक आपुलकीनं विचारता." वजन मात्र तसूभर उतरत नाही मेल्याचं.

१८ सप्टेंबर
चहाला जावईबापू हसत सांगत होते — "त्या दिवशी शर्ट काढून बसलो आणि कॅमेराच बंद पडला! तो सुरू होईपर्यंत मी बाहेर फोनवर; सगळ्यांचं उरकल्यावर मग माझे फोटो काढले."

त्याच्या पाठोपाठ मी आत गेले होते. तीन नंबर माझा.

डाव्या खांद्याखाली माझा हात पोचत नाहीये.