विझलेली मशाल, उघडा गॅस

१२ फेब्रु. ६१
सकाळपाळी. दुरुस्तीनंतर भट्टी पेटवायची होती. मी गॅसच्या व्हॉल्व्हवर, भीमराव मशाल घेऊन भट्टीच्या तोंडाशी. क्रम पाठ हाये. पंखा लावून आतली हवा साफ करा, मग मशाल, मग गॅस. मशाल विझली तर गॅस बंद, पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर न जळलेला गॅस आत साचते.
आज विझली. फोरमन ओरडले, "अब फिर से शुरू मत करो, मिल खड़ी है!" म्या व्हॉल्व्ह बंद केला नाही. भीमरावनं मशाल पुन्हा पेटवून आत घातली. धडाका. जाळ उलटा बाहेर.
भीमरावचे दोन्ही हात भाजले, कोपरापर्यंत.

१३ फेब्रु.
पाळी करून दवाखान्यात. भीमराव गुंगीत. त्याची बायको, रुक्मावहिनी, दाराशी. "कसं झालं भाऊजी?" मशाल विझली, म्हटलं. व्हॉल्व्हचं सांगितलं नाही.

१५ फेब्रु.
चौकशी. फोरमननं लिहून देलं, भीमरावनं घाई केली. मले त्याखाली सही मागतात. उद्या करतो म्हटलं.
घरी बायकोले, इंदूले, सगळं सांगितलं. म्हणे, "नोकरी गेली तर पाहू. पण वहिनीसमोर मले उभं राहता आलं पाहिजे."
थकलो. झोप नाही.

१६ फेब्रु.
भीमराव शुद्धीवर. चमच्यानं पाणी पाजलं. म्हणे, "सही करून टाक. माहे हात तर गेलेच. तुही नोकरी कायले घालवतं?"
सही केली नाही.

१८ फेब्रु.
माझं वेगळं लिहून देलं. गॅस म्या चालू ठेवला, फोरमनच्या सांगण्यावरून. भीमरावची चूक नाही. चौकशीच्या साहेबानं दोनदा वाचलं. "सोच-समझकर लिखा है?" हो म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

२१ फेब्रु.
वरून अजून काही नाही. फोरमन बोलत नाहीत.
भीमरावच्या डाव्या हाताची पट्टी काढली. अंगठा हालते. बोटं अजून नाही.
वहिनीले बाहेर बोलावून सांगितलं. व्हॉल्व्ह म्या बंद करायले पाहिजे होता. त्या भिंतीले टेकून ऐकत राहिल्या.
"लिहून देलं म्हणतात, खरं?"
"हो."
"हे रोज विचारतात, नामदेव आला का म्हणून. मले काय वाटते ते मलेच कळून नाही राहिलं, भाऊजी."
आत गेल्या. मी आत जाऊ का नको, तिथंच दाराशी उभा राहिलो.