पडद्यामागचे दोन अ‍ॅम्प्लिफायर

लॉन्सेस्टन, टास्मानिया
१४ जुलै

प्रिय लॅकी,

प्रिय सवयीनं लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. आपल्या बाबांच्या फुप्फुसात पुन्हा पाणी झालंय. डॉक्टर आठवडाभराची भाषा करतात. माणूस मात्र उशीला टेकून मलाच चिडवतो, "ब्रॉनी, तुझ्या चहापेक्षा सलाईन बरं."

त्यांचा तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तीन वर्षं चादरीखाली पडलाय. अकरा हिवाळे खपून स्वतः बनवलेला, ट्रान्सफॉर्मरसुद्धा हातानं गुंडाळलेले. शाळेतून आलो की आपण त्याच्या उबेवर हात शेकायचो. पुढे तू सिडनीत ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प विकायला लागलास. विक की, कोण नको म्हणतंय! पण बाबांच्या ऑडिओ क्लबच्या रविवारी, स्काउट हॉलमध्ये, बाबांच्या पंचाहत्तरीच्या केकसमोर तुला मुकाबला लावायची खाज सुटली. दोन्ही अ‍ॅम्प पडद्यामागे, ऐकून ओळखा. बाबा डोळे मिटून म्हणाले, "दुसरा माझा. झोपेतसुद्धा ओळखीन." तू पडदा ओढलास. दुसरा तुझा होता. क्लबातला डेस हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. बाबांना म्हणाला, "मर्व्ह, कान गहाण टाकलेस का रे?" वर तू तोच अ‍ॅम्प बाबांना भेट दिलास. केवढा दिलदार!

बाबांनी क्लब सोडला. आता रेडिओ लावला तरी मला विचारतात, "बरा वाजतोय ना गं? माझ्या कानांचं काही खरं नाही." अख्खं गाव ज्यांच्याकडे स्पीकर तपासायला आणायचं, ते बाबा!

परवा खोली आवरताना दोन्ही अ‍ॅम्प काढले. आवाजाच्या बटणांवर त्या दिवशीच्या चिकटपट्ट्या तशाच आहेत. जरा मोठा वाजतो तोच गोड वाटतो, म्हणून आधी मीटरनं दोन्हींचा आवाज सारखा करून पट्ट्या लावायच्या, हे क्लबातलं शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी मीटर तुझ्या हातात होतं. मी बटणं पट्ट्यांवर आणून बाबांच्याच मीटरनं मोजलं. तीनदा. तुझा एक डेसिबलनं मोठा आहे. चुकून झालं म्हणू नकोस, तुझा धंदाच हा आहे. लाज कशी वाटली नाही रे?

काल बाबा म्हणाले, "लॅकीला बोलाव. हरलो तेव्हा हात न मिळवता निघून आलो, ते सलतंय. त्याची माफी मागायचीय." तुझी माफी, लॅकी! मी त्यांना पट्ट्यांचं सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, लेक समजूत काढतेय. तुझ्याच तोंडून त्यांना खरं वाटेल. शनिवारी सकाळच्या विमानानं ये आणि त्यांनी माफीचा शब्द काढायच्या आत बोल. ते जमणार नसेल तर येऊच नकोस. तुला विमान मिळालं नाही, असं मी त्यांना सांगेन.

अजून तरी तुझीच,
ब्रॉनी