सीट लातूरची, पेडलं नांदेडची

नांदेड
४ जानेवारी २०२५

चि. आदर्श यास,

अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सारे ठीक. फोन असताना पत्र का, असं विचारशील. परवा फोनवर तू आणि तुझे दाजी ज्या भाषेत बोललात, त्यानंतर मी ठरवलं की गाडी पूर्ण होईपर्यंत तुमचे निरोप माझ्याच हातून आणि लेखीच जातील. शिव्या मी गाळीन.

अहमदपूरच्या आप्पासाहेबांना स्पोर्ट्स कार हवी आहे, दोनच माणसांची, बुटकी, लाल. तुझ्या आणि दाजींच्या, दोन्ही गॅरेजांत ते चौकशीला गेले तर तुम्ही दोघांनी एकमेकांची निंदाच केली. तेव्हा त्यांनी काम वाटून टाकलं. सांगाडा, इंजिन आणि पेडलं नांदेडची. बॉडी, सीट आणि रंग लातूरचा. आरटीओची परवानगी नाही, म्हणून गाडी त्यांच्या कापसाच्या बंद जिनिंग मिलच्या आवारातच फिरवायची, ही माझी अट त्यांनी मानली. ती धड चालली तर तिथली शेड तुम्हा दोघांना मिळून वर्कशॉपला देणार. नाही चालली तर तू गॅरेज बंद करून पुण्याच्या कंपनीत जाणार. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नकोस.

दाजींचा निरोप असा की लातूरकरांनी बॉडी हलकी ठेवावी, वरातीचा रथ करू नये. (मूळ वाक्य बरंच लांब होतं.)

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी अक्का,
पंचशीला

लातूर
९ जानेवारी

ती. अक्कास,

सादर जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. दाजींना सांग, रथाला निदान घोडे तरी असतात. त्यांचं इंजिन ढकलायला मला अख्खी गल्ली बोलवावी लागंल. तू हे गाळशील, पण लिहून बरं वाटलं.

जगातल्या वैरी कंपन्यासुद्धा स्पोर्ट्स कार मिळून काढतात, अक्का. इंजिन एकीचं, बाकीचं दुसरीचं, आणि एकाच गाडीला दोन शोरूममध्ये दोन नावं. म्हणून मी डाव्या दारावर माझ्या गॅरेजचं नाव रंगवलंय. उजवं दार त्यांना सोडलंय.

एक खासगी. पहिली चक्कर मीच मारणार. दाजींना चालवताच येऊ नये म्हणून सीट माझ्या तंगड्यांच्या मापानं लई मागं घेऊन पक्की वेल्ड केली. त्यांना सांगायचं न्हाई, तुला माझी शपथ. तुझी भावजय बुद्धप्रिया रोज विचारते, पुण्यासाठी बॅग काढायची की न्हाई. तिचं उत्तर त्या आवारातच मिळंल.

धाकट्यावर माया असू दे.

तुझा,
आदर्श

नांदेड
१५ जानेवारी

चि. आदर्श यास,

अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. तुझी शपथ पाळली, पण मन खातं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी कॉलेजात मुलांना ठासून सांगते. आता तितकी खात्री वाटत नाही. कारण इकडेही एकाने मला तसलीच शपथ घातली आहे. कशाची ते तुला सांगणार नाही, जसं तुझं त्यांना सांगितलं नाही.

सीट मागेपुढे सरकणारी हवी, एवढं मात्र मी दाजींजवळ बोलले. ते म्हणाले, सीट हे लातूरचं खातं. तुला सांगावं तर तू म्हणशील, सांगाडा नांदेडचा. ब्रेक मी समोर उभं राहून तपासून घेतले. त्यात तुमची मस्ती नको.

रविवारी अहमदपूरला येतेच आहे. तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहीन. येताना डोकं थंड ठेव आणि अक्कावर लोभ.

तुझी,
पंचशीला

अहमदपूर
२१ जानेवारी

ती. अक्कास,

सादर जयभीम. वि. वि. वरचं गाव वाचून ओळखलं असशील, मी अजून लातूरला परतलो न्हाई.

रविवारी बॉडी सांगाड्यावर चढवून मी सीटवर बसलो तेव्हा गुडघे स्टिअरिंगला अडकले आणि दाजी खो-खो हसले. मग ते बसले तर पाय क्लचपर्यंत पोचेना, आणि मी हसलो. आपल्या आखूड पायांसाठी त्यांनी पेडलं वीतभर अलीकडं आणली होती! आप्पासाहेबांचं तर पोटच आत शिरेना. गाडी बसायला केली की बघायला, असं म्हणून त्यांनी शेडची किल्ली खिशात टाकली, तेव्हा मला पुणंच दिसाय लागलं. तेवढ्यात तू पर्स माझ्या हातात देऊन आत बसलीस. पाय बरोबर पेडलांवर. आवाराला चकरा मारल्यास, ब्रेक दाबून पाहिलास, उतरलीस आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज म्हणून एसटी धरलीस. आमच्या दोघांच्या लबाडीतून नेमकं तुझं माप निघालं.

पुढचं ऐक. गाडी पळते हे आप्पासाहेबांनी कबूल केलं. सीट सरकती करा आणि किल्ली न्या, म्हणाले. मग दाजी आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला झालो, तुझ्याविरुद्ध. अक्काला दोन्हीकडचं ठाऊक होतं, तिनं बोलायला पाहिजे होतं, असं दाजी म्हणाले. मी विचारलं, शपथ कुणी घातली होती? ते पाना शोधायला लागले. शपथ मीही घातली होती, म्हणून मी सीटचं वेल्डिंग कापायला घेतलं.

काल दिवसभर सीटखाली पट्ट्या बसवल्या. सीट अडकायला त्यांनी आपली खाच पुढं पाडली, मी माझी मागं. आप्पासाहेबांची माझ्याही मागं. मग तुझी मधली खाच कुणी पाडायची यावर भांडण जुंपलं. दाजी म्हणाले, बायको माझी. मी म्हणालो, बहीण आधी माझी. शेवटी त्यांनी पट्टी धरली आणि मी ड्रिल मारलं.

किल्ली मिळाली. पुण्याला येत न्हाई म्हणून कळवून टाकलं, आणि बुद्धप्रियानं बॅग माळ्यावर टाकली.

दोघांवर सारखाच लोभ असावा. दाजींवर थोडा कमी चालंल.

तुझा,
आदर्श